फुटाला एक सूत

वकिलाला पाच हजार कशाला, म्हणाले अण्णा,
आणि फाउंड्रीच्या चलानबुकातलं एक पान फाडून
पाठकोऱ्या बाजूला मृत्युपत्र लिहिलं.
'मी हिंदुराव ज्ञानू सुतार, पॅटर्नमेकर, उद्यमनगर,
पूर्ण शूद्धीत लिहून देतो की'
अख्ख्या कागदात शुद्धी हा एकच शब्द अशुद्ध.
घर संपतला. गाळा रंजनाला, म्हणजे मला.
खाली सही. साक्षीदार श्रीपती भोई,
साक्षीदार बाबालाल मोल्डर.
पत्ते नाहीत. तारीख आहे, साल नाही.

सरसाच्या डब्याखाली सापडलं हे,
अण्णा गेल्यावर चौदा महिन्यांनी.
संपत म्हणाला, अण्णा 'ह' असा काढत नव्हते.

कसबा बावड्यात कोर्टासमोर वकीलबाईंचं ऑफिस.
त्यांनी कागद खिडकीशी धरला,
सरसाचा डाग बघितला, उलटून चलान वाचलं:
पंपाचं कव्हर, नग सहा.
'चालतं हे. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही.
पण भाऊ नाही म्हणतोय ना,
मग सही करताना बघितलेला एक तरी माणूस
कोर्टात उभा करा. जिवंत.'
पुढं सहज म्हणाल्या,
'माझ्याकडं केलं असतं तर आमचा कारकून साक्षीदार असता.
तिशीतला आहे. रोज येतो.'
त्यांची फी आतापर्यंत अठ्ठावीस हजार.

श्रीपती कोविडात गेला.
बाबालालचं आडनाव फाउंड्रीत कुणालाच माहीत नव्हतं.
हजेरीपटावर बाबालाल, उचलीच्या वहीत बाबालाल.
शिरोलीत तीन दिवस फिरले,
तिथल्या एका चहावाल्याला त्याची उधारी आठवत होती,
तिच्या मागोमाग मुरगूडला पोचले एसटीनं.

दारात शेळीपुढं पाला टाकत बसलेला.
एका डोळ्यात मोतीबिंदू, उजव्या हातावर भाजल्याचा जुना डाग.
कागद नाकाशी नेला. 'माझीच सही.
पुराच्या आदल्या साली, दिवाळीचा बोनस झाल्यावर.
तुझ्या बाऽनं भजी मागवल्याली, पैशे मीच दिले.'
मग बराच वेळ भज्यांचंच बोलला.

निघताना मी विचारलं, गाळा मला का दिला
ते काही बोलले होते का?
माझं सासर भरलेलं, नवरा नोकरीत,
मी रंधा कधी हातात धरलेला नाही.

'इचारलं की मी. म्हटलं, मिस्त्री, पोरीला गाळा कशाला?
तर पट्टी दावली मला.'

ती पट्टी मला ठाऊक होती.
अण्णांची फूटपट्टी फुटाहून एक सूत मोठी.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकडी साचा आधीच वाढीव धरायचा.
लहानपणी मी तिच्यावर भूमितीची आकृती काढली
आणि बाईंकडून छडी खाल्ली होती.

'म्हणला, बाबालाल, घरंबी निवत्यात गा.
तवा पोरीला कमी पडाय नको.'

मी वकीलबाईंना हे सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
'प्रतिज्ञापत्रात हे घालता येणार नाही.
तारखेचं तेवढं घेऊ.'
भजीही वगळली.

ती पट्टी मात्र कागदात कुठंच नव्हती.
हत्यारांच्या पेटीसकट संपतकडं गेली.
परवा रात्री त्याचा फोन, वर्षात पहिला.
देवघराला नवी फळी कापली, बसेना.
दोनदा मापली तरी मोठीच येते.
'अण्णांची पट्टी चुकीची आहे काय गं?'

खटल्याची पुढची तारीख सतरा.
मी म्हटलं, फळी तासू नको.
उद्या येते.